भागिले शून्य

सहा भागिले शून्य किती? "शून्याने भागायचं नसतं," एवढंच शाळेत सांगतात. पण का नसतं? गंमत म्हणजे आपल्याकडच्या तीन मोठ्या गणितज्ञांनी हा प्रश्न घेतला आणि तिघांची उत्तरं वेगळी आली.

पहिला ब्रह्मगुप्त. इ.स. ६२८ मध्ये, वयाच्या तिशीत त्याने 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला. धनाला ऋणाने भागलं तर ऋण, ऋणाला ऋणाने भागलं तर धन, हे नियम त्यात आहेत. आजही आपण हेच शिकतो. पण शून्याशी गाडी अडली. शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असं त्याने ठोकून दिलं. बाकी संख्यांसाठी 'छेदात शून्य असलेला अपूर्णांक' म्हणून विषय सोडला. साधारण ८५० साली महावीराचार्य म्हणाले, शून्याने भागलं तर संख्या आहे तशीच राहते. आणि ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी अशा राशीला 'खहर' म्हटलं. ती अनंत, तिच्यात काहीही मिळवा, बदलत नाही. (चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. जमलं तर बघून या.)

भास्कराचार्यांच्या उत्तरात दम आहे बरं का. ६ ला ०.१ ने भागा, ६० येतात. ०.००१ ने भागा, ६०००. भाजक जितका लहान, तितकं उत्तर मोठं. पण आता ऋण बाजूने या. उणे ०.००१ ने भागलं की उत्तर उणे ६०००! म्हणजे एकाच शून्याकडे जाताना एका बाजूने धन अनंत, दुसऱ्या बाजूने ऋण अनंत. नक्की कुठलं घ्यायचं?

शिवाय भागाकार म्हणजे उलटा गुणाकार. ६ भागिले ० बरोबर क्ष, तर क्ष गुणिले ० बरोबर ६ यायला हवेत. अशी संख्याच नाही. उलट ० भागिले ० ला कुठलीही संख्या चालते, ब्रह्मगुप्ताचं शून्य चालतं आणि १७ पण! म्हणून आजचं नेहमीचं अंकगणित या भागाकाराची व्याख्याच करत नाही.

आमच्या धंद्यात मात्र हात वर करून चालत नाही. १९८५ च्या आयईईई ७५४ मानकाने दशांश संख्यांसाठी तोड काढली: १ भागिले ० म्हणजे अनंत, ० भागिले ० म्हणजे 'नॅन', अर्थात 'ही संख्याच नव्हे'. आणि शून्येही दोन, धन आणि उणे! उणे शून्याने १ ला भागलं की उणे अनंत. पूर्णांकांच्या भागाकारात मात्र प्रोग्रॅम सहसा कोसळतोच. सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकन नौदलाच्या 'यॉर्कटाउन' जहाजावर कोणीतरी डेटाबेसमध्ये शून्य भरलं, त्याने भागाकार झाला आणि जहाज पावणेतीन तासांच्या आसपास समुद्रात ठप्प!

"पूर्वजांना सगळं आधीच ठाऊक होतं" असे फॉरवर्ड येतात तेव्हा मला हे तिघे आठवतात. आधीच्याचं उत्तर पटलं नाही म्हणून त्यांनी आपलं वेगळं लिहिलं. मला तरी अभिमान वाटतो तो याचाच. असो, उद्या कोड लिहाल तेव्हा भाजक तेवढा तपासा.