इंदिरा विकास पत्राची तेरा वर्षे

पोस्टाच्या खिडकीत शंभर रुपये भरायचे आणि दोनशे रुपये छापलेला कागद घेऊन घरी यायचे. 1986 साली केंद्र सरकारने आणलेल्या इंदिरा विकास पत्राचा व्यवहार एवढा सरळ होता. पाच वर्षे थांबले की छापील रक्कम हातात. चक्रवाढीने मोजले तर वर्षाला जवळजवळ 15 टक्के. पण टक्केवारीशी कोणाला देणेघेणे नव्हते. ‘दामदुप्पट’ म्हटले की विषय संपायचा.

1988 मध्ये साडेपाच वर्षांत दुप्पट देणारे किसान विकास पत्र आले. नावात किसान असला तरी शेतकरी असण्याची अट नव्हती.

या पत्रांमागे सरकारी यंत्रणाही जोमाने उभी होती. राज्यातून जमा होणाऱ्या निव्वळ अल्पबचतीचा मोठा हिस्सा केंद्र त्याच राज्याला दीर्घ मुदतीचे कर्ज म्हणून देई. साहजिकच अल्पबचत वाढवणे हे जिल्हा प्रशासनाचेही काम झाले. राष्ट्रीय बचत संघटनेचे मुख्यालय नागपुरात होते. पुण्याचे अल्पबचत भवन, रत्नागिरीचे अल्पबचत सभागृह ही नावे त्याच चळवळीची.

इंदिरा विकास पत्रावर मात्र घेणाऱ्याचे नाव नसे. ज्याच्या हाती कागद, त्याचे पैसे. यात सोय होती आणि काळ्या पैशाला वाटही होती. खरा फटका बसला तो साध्या माणसाला. पत्र हरवले, चोरीला गेले किंवा जळाले, तर दुसरे मिळणार नाही, असे नियमातच लिहिलेले होते. 1999 मध्ये विक्री बंद झाली, तरी हरवलेल्या पत्रांचे वाद कोर्टात चालूच राहिले. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: हे पत्र चलनी नोटेसारखे आहे, हरवले तर सरकारकडे पैसे मागता येणार नाहीत. कायद्याने हे बरोबरच. पण पोस्टावर विश्वास टाकून आयुष्याची पुंजी ट्रंकेत जपणाऱ्याला ही जोखीम पैसे भरतानाच ठणकावून सांगायला हवी होती.

काळ्या पैशाची हीच शंका पुढे किसान विकास पत्रालाही भोवली. श्यामला गोपीनाथ समितीच्या शिफारशीनंतर 2011 मध्ये ते बंद झाले. 2014 मध्ये परतले ते 100 महिन्यांत दुप्पट होणारे, आणि 50,000 रुपयांपुढे पॅन मागणारे. जुलै 2016 पासून तर छापील पत्रे देणेच थांबले. आता गुंतवणूकदाराच्या नावाने पासबुक निघते आणि ते हरवले तर दुसरे मिळते.