आकाशपाळण्याची कुळकथा

वार्षिक परीक्षा आटोपली की आमच्या शाळेची सहल निघते. किल्ले पाहून झाले होते, देवळे पाहून झाली होती. तेव्हा यंदा मुलांनी एकमुखाने मागितले ते घाटाखालचे करमणूक उद्यान. तेच ते, आभाळाएवढे पाळणे आणि उलटीपालटी होणारी आगगाडी असलेले. मुख्याध्यापकांनी होकार दिला आणि संमतिपत्रे गोळा करायचे काम माझ्या गळ्यात पडले. बेचाळीस मुलांपैकी एकेचाळिसांची पत्रे दोन दिवसांत आली. बेचाळिसाव्या मुलाची आई कागद कोराच घेऊन शाळेत आली.

"गुरुजी," ती म्हणाली, "त्या पाळण्याला वर धरतं काय हो?"

मी म्हणालो, "लोखंड."

"लोखंड तर आमच्या जत्रेतल्या पाळण्यालाही होतं," ती म्हणाली. मग थांबून तिने सांगितले, की तिचा थोरला भाऊ लहानपणी अशाच एका पाळण्यातून पडला. खुंटी निसटली, पेटी कलली. तो वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. आता हा तिचा एकुलता मुलगा. "तुम्ही शिकलेले आहात. तुम्ही सांगा, नि मग मी सही करते."

वाचकहो, शिकलेला माणूस अशा वेळी किती उघडा पडतो ते मास्तरकी केल्याशिवाय कळायचे नाही. इतिहास हा माझा विषय. मला पानिपतची तारीख ठाऊक, पाळण्याला काय धरते ते ठाऊक नाही. मी तिच्याकडून चार दिवसांची मुदत मागून घेतली आणि वाचायला बसलो.

पाळण्याचे कूळ माझ्या कल्पनेपेक्षा जुने निघाले, आणि गंमत म्हणजे त्याचे पहिले साक्षीदार आपल्या ओळखीचे निघाले. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी १६१५ साली इस्तंबूलमध्ये होता. तिथल्या सणाच्या धामधुमीत तो उभ्या फिरत्या चाकात बसला आणि खूश झाला. हाच गृहस्थ पुढे १६२३ मध्ये सुरतेला व गोव्यास आला. दुसरा साक्षीदार पीटर मंडी हा इंग्रज. त्याने १६२० साली आज बल्गेरियात असलेल्या प्लोव्हदिव गावी असेच चाक पाहिले. चाक वरखाली फिरले तरी त्यातली मुले नेहमी ताठच बसलेली राहतात, याचे त्याला नवल वाटले होते. दहा वर्षांनी हाच मंडी सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्ऱ्याला निघाला, आणि शिवजन्माच्या वर्षी सुरू झालेल्या त्या भयंकर दुष्काळाची हकीकत त्याने लिहून ठेवली. ज्या डोळ्यांनी पाळण्यातली मुले पाहिली, त्याच डोळ्यांना वाटेवरची प्रेते पाहावी लागली. दुष्काळ शिकवताना मी मंडीचे नाव कितीदा घेतले असेल. पाळण्यासाठी एकदाही घेतले नव्हते.

ही चाके लाकडाची, माणसांच्या हातांनी फिरणारी. म्हणजे आपल्या जत्रेतल्या रहाटपाळण्याची भावंडेच. पोलादाचा पाळणा यायला १८९३ साल उजाडावे लागले.

त्या वर्षी शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले. विवेकानंदांचे नाव ज्या सर्वधर्मपरिषदेमुळे जगभर झाले, ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. चार वर्षांपूर्वी पॅरिसने आयफेल मनोरा उभारून जगाला तोंडात बोट घालायला लावले होते, आणि अमेरिकेच्या इंजिनियरांनी त्यावर ताण करावी अशी प्रदर्शनाचे प्रमुख डॅनियल बर्नहॅम यांची इच्छा होती. पुढे आला जॉर्ज फेरिस, वय तेहेतीस. पुलांचे पोलाद तपासण्याचा धंदा करणारा. त्याने २५० फूट व्यासाच्या चाकाचा आराखडा मांडला. तो लोकांना वेडगळ वाटला, आणि परवानगी मिळेपर्यंत १८९२ चा डिसेंबर उजाडला. थंडीने जमीन गोठलेली, खाली चिखल. वाफ सोडून माती वितळवायची आणि पाया खणायचा, असे ते काम चालले. प्रदर्शन १ मे रोजी उघडले तेव्हा चाक अपुरेच होते. ते फिरले २१ जूनला.

त्याला छत्तीस डबे होते आणि एकेकात साठ माणसे मावत. म्हणजे एका वेळी दोन हजारांवर माणसे हवेत! आमचे सबंध गाव त्यात बसले असते आणि तलाठ्यासाठीही जागा उरली असती. तिकीट पन्नास सेंट. सबंध प्रदर्शनाचे प्रवेशमूल्यही तेवढेच होते. तरी लाखो लोक बसले.

आणि इथेच मला त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर सापडले. चाकाच्या मध्ये पंचेचाळीस फूट लांबीचा, नव्वद हजार पौंडांच्या आसपास वजनाचा पोलादी आस होता. तो दोन मनोऱ्यांच्या माथ्यावर टेकवलेला. बैलगाडीच्या चाकात खालचे आरे ओझे पेलतात, म्हणजे दाबले जातात. फेरिसच्या चाकात तसे नाही. त्याचे आरे म्हणजे सायकलच्या तारांसारखे ताणलेले बारीक गज. सबंध धाव डब्यांसकट आसाला लटकलेली. लाकडाच्या दांडक्याला वाकून मोडायचे भय असते. ताणलेला गज वाकतच नाही. शिवाय गज एक नसतो, अनेक असतात, आणि एकाचा भार शेजारचे वाटून घेतात. जत्रेतल्या पाळण्यात सारे एका खुंटीवर होते. ती निसटली की संपले.

फेरिसचे पुढे काय झाले ते मात्र मी त्या बाईंना सांगितले नाही. त्याच्यापूर्वी लाकडी चाके बांधणाऱ्या विल्यम सोमर्सने त्याच्यावर फिर्याद केली. ती फेटाळली गेली. पैशाचे तंटे वेगळेच. बायको सोडून गेली. १८९६ च्या नोव्हेंबरात, अवघ्या सदतिसाव्या वर्षी, विषमज्वराने तो गेला, आणि अंत्यसंस्काराचे बिल न भागल्यामुळे त्याची रक्षा वर्षाहून अधिक काळ तशीच पडून राहिली. त्याचे चाक १९०४ मध्ये सेंट लुईच्या प्रदर्शनात पुन्हा फिरले आणि १९०६ मध्ये सुरुंग लावून मोडीत काढले गेले. नाव तेवढे उरले. व्हिएन्नातले १८९७ चे चाक दुसऱ्या महायुद्धात जळाले, निम्म्या डब्यांनिशी पुन्हा उभे राहिले आणि अजून फिरते आहे. फेरिसच्या चाकाला तेवढे भाग्य लाभले नाही.

आता ती उलटीपालटी होणारी गाडी. तिचे माहेर रशिया. तिथे हिवाळ्यात लाकडी सांगाड्यावर पाणी ओतून बर्फाच्या घसरगुंड्या करीत आणि लोक त्यांवरून सूं करून खाली येत. उन्हाळ्यात बर्फ कुठला? म्हणून चाके आली. १८१७ साली पॅरिसमध्ये रुळांना चाके अडकवलेल्या गाड्यांच्या घसरगुंड्या सुरू झाल्या, आणि त्यांना नाव पडले 'रशियन डोंगर'.

अमेरिकेतली कथा तर फारच गोड आहे. पेनसिल्व्हेनियातल्या मॉक चंक गावी १८२७ पासून कोळशाच्या वाघिणी डोंगरावरून आपल्या वजनानेच उतरत. रिकाम्या वाघिणी वर ओढायला खेचरे. ती खेचरेही उतरताना गाडीतूनच येत. म्हणतात की एकदा या प्रवासाची चटक लागल्यावर ती पायी उतरायला मुळीच तयार होईनात! खेचरांना जे आवडले ते माणसांना न आवडून कसे चालेल? पैसे देऊन लोक बसू लागले, आणि पुढे कोळसा दुसऱ्या वाटेने गेला तरी गाडी मौजेसाठी चालूच राहिली.

१८८४ च्या जूनमध्ये लामार्कस टॉम्पसनने न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडला हीच युक्ती समुद्रकिनारी मांडली. भाडे पाच सेंट, वेग ताशी सहा मैल. आमच्या गावची सायकल याहून वेगाने जाते. तरी रांगा लागल्या. त्याच किनाऱ्यावर १९२७ मध्ये 'सायक्लोन' उभी राहिली, ती ताशी साठ मैलांची. लाकडाची असून ती आजही धावते.

मध्यंतरी धडेही मिळाले. १८९५ मध्ये काहींनी रूळ अगदी गोल फिरवून गाडी उलटी नेली. पूर्ण वर्तुळात शिरताना झटका असा बसे की बसणाऱ्यांच्या माना लचकत. ती चूक सुधारायला १९७६ साल लागले. वेर्नेर श्टेंगेल या जर्मन इंजिनियराने गोलाऐवजी पाण्याच्या थेंबासारखा, वर निमुळता आकार घेतला, म्हणून वळण हळूहळू घट्ट होते आणि मान शाबूत राहते. आणि गाडी रूळ का सोडत नाही? जॉन मिलर नावाच्या कारागिराने १९१९ च्या सुमारास रुळाच्या खालूनही चाक लावले. वर चाक, बाजूला चाक, खाली चाक. मुठीत काठी धरावी तसा रूळ धरलेला. चढताना जो खडखड आवाज येतो तो दातेरी पट्टीवर अडकणाऱ्या खिट्टीचा. साखळी तुटली तरी गाडी मागे येऊ नये म्हणून. मुले ज्या आवाजाला भितात तोच त्यांचा राखणदार.

आपल्याकडे ही उद्याने फार उशिरा आली. दिल्लीत १९८४ ला अप्पूघर, मुंबईत गोराईला १९८९ ला एस्सेलवर्ल्ड, खोपोलीजवळ २०१३ ला इमॅजिका. पहिली दोन तर मिटूनही गेली.

चार दिवसांनी मी त्या बाईंना शाळेच्या ओट्यावर बसवून हे सारे सांगितले. सायकल उलटी करून चाक फिरवून दाखवले, मुठीत छडी धरून दाखवली. तिने तारांना हात लावून पाहिले. मग म्हणाली, "हे सारं नीट असतं, पण रोज कुणीतरी बघायला नको?"

"बघतात," मी म्हणालो. "उद्यान उघडण्यापूर्वी रिकामी गाडी फिरवून बघायची रीत आहे." आणि तोंडातून निघून गेले, "तुमच्या पोराशेजारी मी बसेन."

तिने सही केली.

सहल झाली. परतीची एस. टी. रात्री अकराला स्टँडवर लागली तेव्हा ती कंदिलासारखी एका जागी उभी होती. पोरगा उडी मारून उतरला आणि पाळण्याचे गज किती ते सांगू लागला. त्याने ते मोजले होते. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळून विचारले, "गुरुजी, तुम्ही बसलात?"

"पाळण्यात बसलो," मी म्हणालो. "गाडीच्या वेळी माझा चष्मा सांभाळायला कुणी नव्हते."

पोरगा म्हणाला, "आई, पाळण्यातसुद्धा गुरुजींनी डोळे मिटले होते."