रावेरचा फलाट आणि स्पेनचं केळं

स्पॅनिश शब्दकोशात 'प्लाटानो' म्हणजे केळं. इथवर ठीक. पण त्या शब्दाची भावकी शोधायला लागलो आणि गुंतलोच. प्लाझा म्हणजे चौक, प्लाटो म्हणजे ताट, प्लाटा म्हणजे चांदी. पोर्तुगीज वळणाने आलेला एक लांबचा चुलतभाऊ आहे, चाटो, म्हणजे नकट्या नाकाचा. ही सगळी मंडळी ग्रीकमधल्या 'प्लातुस' या एका शब्दाच्या पोटची. अर्थ रुंद, पसरट. रुंद रस्ता तो प्लाझा, पसरट भांडं ते प्लाटो, धातूचा ठोकून केलेला पत्रा ती प्लाटा. या चांदीचं लाडकं रूप प्लाटिना, आणि त्यावरून आपल्या सराफाकडचं प्लॅटिनम. तत्त्वज्ञ प्लेटोचं नावही याच घरातलं; खांदे रुंद म्हणून ते पडलं, अशी जुनी आख्यायिका आहे.

आता आपल्याकडे या. ग्रीक प्लातुसचा संस्कृतातला सख्खा भाऊ म्हणजे 'पृथु'. प्रथ् म्हणजे पसरणे. पसरलेली ती पृथ्वी, कीर्ती पसरलेला तो प्रथितयश, लोकांत पसरली ती प्रथा. ('प्रथम'ला मात्र या पंगतीत बसवू नका, तो वेगळ्या घरचा.) म्हणजे स्पेनमधला माणूस केळं मागतो, तेव्हा न कळत पृथ्वीच्या माहेरचा शब्द उच्चारतो.

रावेरच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. सातपुडा आणि तापी यांच्या मधल्या या पट्ट्यात पृथ्वी म्हणजे केळीच. मृगबाग, कांदेबाग, पिलबाग असे तिचे हंगाम; घड, फणी, कमळ असे तिचे अवयव; लेवा बोलीत ळ चा य होतो म्हणून तीच 'केयी'. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांच्या खटपटीतून. हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला भांडायचं आहे ते निराळ्या गोष्टीवरून.

मूळचा प्लाटानो म्हणजे केळ नव्हेच. लॅटिनमधला 'प्लातानुस' म्हणजे काश्मीरचा चिनार. उंच, सावलीचा, पंजासारख्या पानांचा वृक्ष. केळीला ना खोड लाकडाचं, ना पान पंजाचं. मग हे नाव केळीच्या गळ्यात पडलं कसं? गोन्सालो फर्नांदेस दे ओव्हिएदो या स्पॅनिश इतिहासकाराने सोळाव्या शतकातच कुरकुर केली आहे की लोक हिला प्लाटानो म्हणतात खरं, पण ही प्लाटानो नाही. त्यानेच लिहून ठेवलंय की 1516 मध्ये तोमास दे बेर्लांगा या धर्मगुरूने ग्रान कनारिया बेटावरून केळीचे कंद सांतो दोमिंगोला नेले. हाच बेर्लांगा पुढे पनामाचा बिशप झाला, आणि 1535 मध्ये जहाज भरकटून गालापागोस बेटांवर जाऊन पोचला.

यावर एक तगडा प्रतिपक्ष आहे. कॅरिबियन बेटांवरच्या कॅरिब भाषेत केळ्याला 'पालातना' म्हणत, आरावाक भाषेत 'प्राताने'. काही इंग्रजी कोशकार म्हणतात की स्पॅनिश लोकांनी तोच शब्द उचलला आणि ओळखीच्या चिनाराच्या नावावर बसवला. दिसायला हे फार देखणं आहे. पण केळ त्या बेटांवर स्पॅनिशांच्या आधी होतीच कुठे? निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्टला वाटायचं की होती. वनस्पतींची मूळ ठिकाणं शोधणाऱ्या द कँदोलने ते मान्य केलं नाही, आणि आज बहुतेक अभ्यासक त्याच्याच बाजूला आहेत. फळ जहाजातून उतरलं, तर नाव किनाऱ्यावर आधीच येऊन कसं थांबेल?

आणि 'पालातना' हे रूप कसं घडलं, हे सांगायला रावेर स्टेशन पुरेसं आहे. भुसावळ-खंडवा मार्गावरच्या या स्टेशनात प्लॅटफॉर्मला कुणी प्लॅटफॉर्म म्हणत नाही. फलाट म्हणतात. सुरुवातीचं जोडाक्षर जिभेला जड गेलं की आपण मध्ये स्वर घालून ते फोडतो. ग्लासचा गिलास होतो, क्लासचा किलास होतो. प्लॅटचा फलाट झाला, तसाच प्लाटानोचा पालातना झाला, असं माझं ठाम मत आहे. स्पॅनिश शब्द ऐकून कॅरिब माणसाने तो आपल्या जिभेवर घोळवला. पुढे कोशकारांनी उलटा प्रवास लिहिला. मजा अशी की प्लॅटफॉर्मही त्याच प्लातुसच्या वंशातला. कुणी म्हणेल, फलाट हा 'फ्लॅट'वरून आला. येऊ द्या. फ्लॅटही त्याच मुळाचा. जर्मानिक भाषांमध्ये प चा फ होतो एवढंच.

चिनाराचं नाव केळीला का, याचं उत्तर मग पानातच शोधावं लागतं. कनारियातल्या कुणीतरी वाव दीड वाव लांबीचं, हातभर रुंदीचं ते पान पाहिलं आणि रुंद पानाच्या झाडाचं तयार नाव तिला देऊन टाकलं. त्या माणसाने चिनार नीट पाहिला नसणार. जेवणाचं ताट म्हणून केळीचं पान मांडणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याची चूक चटकन माफ करता येते.

इंग्रजांनी प्लाटानोचं 'प्लँटेन' केलं. मध्ये तो 'न' घुसला तो लॅटिन 'प्लांता'च्या, म्हणजे रोपाच्या, ओढीने. पोर्तुगीजांनी मात्र पश्चिम आफ्रिकेतला 'बनाना' घेतला. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या वैद्याने 1563 मध्ये गोव्यातच छापलेल्या ग्रंथात केळ्याला 'भारतातलं अंजीर' म्हटलं, गिनीत याला बनाना म्हणतात हे सांगितलं, आणि दख्खनी लोक 'केळी' म्हणतात हेही नोंदवलं. तीन नावं एकाच पुस्तकात. त्यातलं आपलं कुणी उचललं नाही. लिनिअसने शास्त्रीय नाव 'मूसा' ठेवलं, ते अरबी 'मौझ'वरून, आणि तो बहुधा संस्कृत 'मोचा'वरून. म्हणजे तिथे आपला दुसरा एक शब्द मागच्या दाराने शिरला. ऑगस्टसचा वैद्य अँटोनियस मूसा याच्या नावावरून ते आलं असंही म्हणतात. मला ते पटत नाही. बाजारात फळाबरोबर नाव फिरतं, वैद्याबरोबर नाही.

स्पेनमध्ये आजही दुकानात दोन शब्द चालतात. कनारियाचं ते प्लाटानो, लॅटिन अमेरिकेतून येतं ते बनाना, आणि भाव पहिल्याला जास्त. कनारियाचं हे परंपरागत वाण म्हणजे बुटकं कॅव्हेंडिश. रावेरच्या जुन्या शेतकऱ्यांना ते ओळखीचं आहे. इथे त्याला बसराई म्हणतात.