समवेगी सांध्याचा उगम

चालक शाफ्टाच्या सांध्याचा इतिहास बहुधा हूकपासून सांगण्याचा प्रघात आहे. या सांध्यातील दोष कारागिरीचा नसून भूमितीचा आहे. दोन शाफ्टांत ३० अंशांचा कोन असल्यास पहिला एकसारख्या गतीने फिरत असताही दुसरा दर फेऱ्यात दोनदा ०.८६६ पटीपर्यंत मंदावतो व दोनदा १.१५५ पटीपर्यंत धावतो. लांब शाफ्टावर दोन सांधे योग्य रीतीने बसविल्यास हा दोष परस्पर फिटतो. वळणाऱ्या पुढील चाकापाशी मात्र तेवढी जागाच नसते.

पिएर फेनाय याने १९२६ मध्ये योजिलेला ‘त्राक्ता’ सांधा म्हणजे मूलतः त्या दोन सांध्यांचेच आटोपशीर जोडकाम होय. झाँ-आल्बेर ग्रेग्वार १९२७ साली तो बसविलेली गाडी घेऊन ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत उतरला व सातवा आला. अहोरात्र ताण सोसलेल्या सांध्याची ही साक्ष कागदावरील सिद्धतेहून वजनदार मानावयास हवी. त्राक्ताचे पृष्ठभाग एकमेकांवर घासतात, त्यामुळे उष्णता वाढते, हे खरे. आल्फ्रेड झेप्पाच्या सांध्यात सहा पोलादी गोळे कोनाच्या दुभाजक प्रतलात राहतात; १९५९ च्या ‘मिनी’ने त्याच जातीचा सांधा स्वीकारला. पण तोवर पुढील चाकांनी ओढलेली गाडी शर्यतीत टिकते, हे त्राक्ताने बत्तीस वर्षांपूर्वीच दाखविले होते.