राजभवन, नागपूर

नागपुरातील सदरच्या टेकडीवर 1891 साली बांधलेली ब्रिटिशकालीन वास्तू. मध्य प्रांत 1861 मध्ये स्थापन झाला आणि नागपूर त्याची राजधानी ठरले. 1920 पासून चीफ कमिशनरची जागा गव्हर्नरने घेतली. गोऱ्या अधिकाऱ्याला गावाच्या गर्दीपासून दूर, विस्तीर्ण आवारात मायदेशासारखे राहता यावे, ही अशा घरांमागची कल्पना.

इंग्लंडमधील चॅट्सवर्थसारखे वाडे एका घराण्याचे असतात. नागपूरचे हे घर मात्र कायम पदाचे राहिले आणि म्हणूनच ते टिकले, असे म्हणता येईल. स्वातंत्र्यानंतर मंगलदास पक्वासा आणि पुढे पट्टाभी सीतारामय्या हे मध्य प्रदेशचे राज्यपाल झाले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राजधानी भोपाळला गेली. शहराच्या मनाला ती सल दीर्घकाळ बोचत राहिली.

महाराष्ट्र स्थापनेनंतर, 1960 पासून नागपुरात हिवाळी अधिवेशन भरू लागले आणि वास्तूला पुन्हा काम मिळाले. डिसेंबर 1991 मध्ये सुधाकरराव नाईक यांच्या मंत्रिमंडळाचा विस्तार नागपुरात झाला. त्यानंतर तब्बल 33 वर्षांनी, 15 डिसेंबर 2024 रोजी, देवेंद्र फडणवीस यांच्या 39 मंत्र्यांनी याच राजभवनात शपथ घेतली.

आवारातील जैवविविधता उद्यान हा या जागेचा सर्वांत मोलाचा नवा उपयोग. वाढत्या शहराच्या ऐन मध्यावर तिथे झाडे, पक्षी आणि फुलपाखरे सुखाने नांदतात.