नवा कारभारी, जुना वाडा

इतिहास म्हटला की आपल्यापुढे गडकोट आणि तहनामे उभे राहतात. पण संगणकाच्या पेटीलाही आता इतिहास आहे, आणि त्यातले एक प्रकरण आपल्या मराठीचे आहे. ‘ऑपरेटिंग सिस्टीम’ ही त्या पेटीची कारभारी. सारे हुकूम तिच्या हातून जातात. मात्र नवा कारभारी येतो तो आधी मोठा वाडा मागतो, आणि जुन्या वाड्याचा धनी त्याला दाराबाहेरच थोपवून धरतो.

पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था निघाली. कानपूरच्या आय.आय.टी.त जन्मलेले ‘जिस्ट’ तंत्र तिने पुढे नेले. त्याचे कार्ड यंत्राच्या पोटात बसवले, की डॉसच्या इंग्रजी पडद्यावर देवनागरी उमटे. म्हणजे मायबोलीत लिहायचे तर त्यासाठी वेगळा सुटा भाग विकत घ्यायचा! पुढे विंडोज आली आणि मराठी फॉन्टांत राहू लागली. हे फॉन्ट मोठे लबाड. डोळ्यांना ‘क’ दिसे, पण यंत्राच्या वहीत तिथे इंग्रजी अक्षरच नोंदलेले. तोच फॉन्ट दुसऱ्याच्या यंत्रावर नसला, तर पाठवलेल्या पत्राचा नुसता इंग्रजी गुंता होई.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. त्याच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला जागा मिळाली होती. पण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढायची, जोडाक्षर जुळवायचे, ही विद्या कारभाऱ्यालाच यावी लागते. मराठीसाठी ती पुरी घेऊन आली विंडोज २०००, फेब्रुवारी २००० मध्ये. विंडोज ९५ किमान ४ एमबी स्मृतीवर भागवी, ९८ सोळावर. हिला मात्र निदान ६४ एमबी हवी! छापखान्यातले चालते यंत्र कोण कशाला मोडीत काढील? त्यात त्याचे फॉन्टही जुन्याच चालीचे. त्याला दोष देणे मला तरी पटत नाही. पण परिणाम असा, की पुढे कित्येक वर्षे मराठी मजकूर जुन्या फॉन्टांतच साठत गेला, आणि तो आज शोधू गेल्यास सापडत नाही. आधी युनिकोडात उतरवून घ्यावा लागतो.

तोच खेळ आज पुन्हा मांडला आहे. २०२१ च्या विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. इकडे विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आमच्याच मुळशी तालुक्यात हिंजवडी आहे. तिथल्या बड्या कंपन्यांना यंत्रे बदलणे जड नाही. धरणाकाठच्या एखाद्या शाळेत देणगीचा संगणक असेल, तर तिने काय करावे? लिनक्स नावाचा बिनपगारी कारभारी आहे. त्याचे काही हलके प्रकार जुन्या वाड्यातही सुखाने नांदतात, आणि युनिकोडातली मराठी त्यांना चांगली येते.