ऑलिम्पिकमधील मराठी खेळाडू

१. ऑलिम्पिकमधील मराठी मुलखाचा सहभाग १९२० च्या अँटवर्पपासून धरावा. दोराबजी टाटांच्या पुढाकाराने गेलेल्या त्या चमूतील बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले, तर कुस्तीत रणधीर शिंदे चौथे. विदर्भाची नोंद निराळी आहे: अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, ती स्पर्धा नव्हती. कराडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव १९४८ ला लंडनमध्ये सहावे होते. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्य जिंकले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक पदक. महाराष्ट्राचे दुसरे यायला ७२ वर्षे लागली: नेमबाज स्वप्निल कुसळे, पॅरिस, २०२४. मुरलीकांत पेटकरांचे १९७२ चे जलतरणातील सुवर्ण पॅरालिम्पिकमधले, म्हणून या गणतीबाहेर.